सोयाबीनचे एक पोते : तेलाची आयात आणि पेंडीची निर्यात

जो माल परदेशातून विकत आणावा लागतो तो आपल्याच भूमीत निर्माण करणे यास आयात-पर्याय म्हणतात. आणि देशाची गरज भागवून उरलेला माल परदेशी विकून परकीय चलन मिळविणे म्हणजे निर्यात होय. राष्ट्रीय नियोजनात या दोन गोष्टींचा विचार बहुधा निरनिराळ्या प्रकरणांतून केलेला असतो. त्यामुळे सामान्य शेतकऱ्याची अशी समजूत होते की, आयात-पर्यायाची पिके वेगळी आणि निर्यातीची पिके वेगळी. द्राक्ष व कांदा ही निर्यातीची, आणि करडई व भुईमूग ही आयात टाळण्याची, अशी वाटणी आपण सहज करून टाकतो. परंतु महाराष्ट्रात सुमारे ५० लाख हेक्टरांवर होणाऱ्या सोयाबीनच्या बाबतीत ही वाटणी लागू पडत नाही. या पिकाच्या एकाच पोत्यात आयात टाळणारे तेलही आहे आणि निर्यात होणारी पेंडही आहे.

ही गोष्ट नीट समजून घेण्याचे कारण केवळ ज्ञानापुरते नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने परदेशी खाद्यतेलावरील आयातकरात मोठी वाढ केली. आता सोयाबीनचा भाव चढणार, या अपेक्षेत शेतकरी होते. प्रत्यक्षात त्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हा हमीभाव असताना राज्यातील बहुतेक बाजारांत सोयाबीन त्याच्या खालीच विकले गेले. ‘कर वाढला, मग भाव का वाढला नाही?’ असा प्रश्न गावोगाव विचारला गेला. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी गावपातळीवरील कार्यकर्त्यावर येते आणि ‘व्यापाऱ्यांची लबाडी’ एवढेच उत्तर पुरेसे होत नाही. लबाडी असेल तेथे ती उघडी करावीच. पण आधी हिशेब मांडता आला पाहिजे.

तेल बाहेरून का आणावे लागते

१९६६ साली देशास १०० लाख टनांहून अधिक धान्य बाहेरून आणावे लागले होते. पुढे सुधारित गहू, पाटाचे पाणी, खते व हमीची खरेदी यांच्या योगाने धान्याची ती परवशता संपली. तेलाच्या बाबतीत असे का झाले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. एकदा ते जवळजवळ झाले होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते.

१९८६ साली तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू करण्यात आले. त्यापूर्वीच्या, म्हणजे १९८५-८६ च्या हंगामात देशातील तेलबियांचे उत्पादन सुमारे १०८ लाख टन होते. १९९८-९९ मध्ये ते २४७ लाख टनांपर्यंत गेले. बियाणे, प्रक्रिया, किमतीचा आधार आणि आयातीवर नियंत्रण या चारही बाजूंनी एकाच वेळी काम झाल्याचा तो परिणाम होता. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत खाद्यतेलाची आयात नाममात्र उरली होती. मात्र १९९४ मध्ये पामतेलाची व १९९५ मध्ये इतर बहुतेक तेलांची आयात खुली करण्यात आली, कर क्रमाक्रमाने कमी होत गेले आणि ते दशक संपता संपता आयात चाळीस लाख टनांच्या पुढे गेली. २०२३-२४ च्या तेलवर्षात ती सुमारे १६० लाख टन होती. पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना व ब्राझीलमधून आणि सूर्यफुलाचे तेल रशिया व युक्रेनकडून येते. यांपैकी कोठेही युद्ध किंवा बंदी उद्भवली की त्याची झळ आपल्या स्वयंपाकघरास लागते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि त्याच वर्षी एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यातच थांबविली. त्या काळातील तेलाचे भाव अजून कोणी विसरलेले नाही.

दोष सर्वस्वी आयातधोरणाचाच आहे असे मात्र म्हणता येणार नाही. तेलाचा दरडोई वापर वर्षाला १९ किलोच्या आसपास जाऊन पोहोचला आहे. आपल्या आजीच्या घरात जेवढे तेल महिनाभर पुरत असे, तेवढे आज आठवड्यात संपते. उत्पादन वाढले तरी वापर त्याहून वेगाने वाढला, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी १०,१०३ कोटी रुपयांचे राष्ट्रीय अभियान मंजूर केले. २०२२-२३ मध्ये ३९० लाख टन असलेले तेलबियांचे उत्पादन २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. हे उद्दिष्ट पूर्णपणे साध्य झाले तरी देशाची सुमारे ७२ टक्के गरज भागेल, असा त्यातील अंदाज आहे. म्हणजे आयात पुढेही राहणारच. ती किती राहावी आणि कोणत्या करावर यावी, हा खरा प्रश्न आहे.

एका क्विंटलचा हिशेब

सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो. पण त्याच्या दाण्यात तेल अवघे १८ ते २० टक्के असते. भुईमुगाच्या दाण्यात ते ४५ टक्क्यांच्या पुढे आणि करडईत ३० टक्क्यांच्या आसपास असते. सोयाबीनमध्ये मोठा भाग प्रथिनांचा, जवळजवळ ४० टक्के. कारखान्यात एक क्विंटल सोयाबीन गाळले असता ढोबळ मानाने १८ किलो तेल आणि ८० किलो पेंड निघते. उरलेले ओलावा व कचऱ्यात जाते. खरे पाहता सोयाबीन हे प्रथम पेंडीचे आणि नंतर तेलाचे पीक आहे. ही पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खाद्यात जाते आणि उरेल ती बोटीत चढते.

आता समजा की, तेल किलोला १२० रुपये व पेंड किलोला ३५ रुपये आहे. हे दर केवळ हिशेबापुरते धरलेले आहेत; कार्यकर्त्याने आपल्या भागातील त्या दिवसाचे दर घालून हाच हिशेब करावा. तेलाचे २,१६० रुपये आणि पेंडीचे २,८०० रुपये मिळून ४,९६० रुपये होतात. त्यातून गाळपाचा खर्च, वाहतूक, बाजार समितीचे शुल्क व कारखानदाराचा नफा वजा करून जे उरते, त्याच्या आसपास कारखाना शेतकऱ्यास भाव देऊ शकतो. खरेदीदारांत चुरस असेल तर भाव या मर्यादेजवळ जातो. नसेल तर बराच खाली राहतो.

या हिशेबातील सर्वांत महत्त्वाची ओळ अशी की, तेलाचा दर किलोमागे एक रुपयाने वाढला तर सोयाबीनच्या क्विंटलमागे १८ रुपये वाढतात, पण पेंडीचा दर किलोमागे एक रुपयाने वाढला किंवा घटला तर क्विंटलमागे ८० रुपयांचा फरक पडतो. शेतकऱ्याने एवढे एक वाक्य मनात ठेवले तरी बाजारभावाच्या बातम्या त्यास निराळ्या दिसू लागतील. आपण सर्वजण तेलाच्या करावर डोळे लावून बसतो, आणि भाव ठरत असतो पेंडीवर.

२०२१ आणि २०२४ : दोन धडे

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पाम, सोया व सूर्यफूल तेलांवरील एकूण आयातकर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्के करण्यात आला. बंदरावर तेलाची किंमत किलोला १०० रुपये धरली तर करामुळे त्यात २२ रुपयांची भर पडली. वरील नियमाने सोयाबीनच्या क्विंटलमागे सुमारे ३९६ रुपये वाढावयास हवे होते. पण त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेतील भरघोस पिकामुळे जगात पेंड स्वस्त झाली होती. देशातही मका व तांदूळ यांपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्यांतून निघणारा प्रथिनयुक्त चोथा, ज्यास व्यापारात डीडीजीएस म्हणतात, तो मोठ्या प्रमाणावर आणि कमी दराने खाद्यकारखान्यांत जाऊ लागला. पेंडीचा दर किलोमागे पाच रुपये उतरला की क्विंटलमागे ४०० रुपये गेले. करामुळे आलेले ३९६ रुपये पेंडीमुळे गेलेल्या ४०० रुपयांत बुडाले. कर वाढला नसता तर भाव याहूनही खाली गेला असता, असे म्हणणे रास्त आहे. परंतु ज्याच्या हाती प्रत्यक्षात कमी रक्कम पडली त्या शेतकऱ्याचे समाधान त्याने होणे कठीण, हेही तितकेच खरे. पुढे ३० मे २०२५ रोजी कच्च्या तेलावरील हा कर १६.५ टक्क्यांपर्यंत उतरविण्यात आला. ग्राहकास महागाई सोसवत नाही आणि शेतकऱ्यास स्वस्ताई परवडत नाही. या दोहोंच्या मध्ये करधोरण हिंदकळत राहते. पेरणीपूर्वी एक दर आणि मळणीच्या वेळी दुसरा, असे होऊ नये, एवढी अपेक्षा तरी शेतकऱ्याने बाळगावी असे आमचे मत आहे.

दुसरा धडा २०२१ चा. त्या वर्षी ऑगस्टच्या सुमारास सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या घरात गेला होता. कोंबडीखाद्य महागल्यामुळे कुक्कुटपालकांनी मागणी केली आणि सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. नवे पीक बाजारात येण्याच्या तोंडावर भाव वेगाने उतरले. येथे कुक्कुटपालकही शेतकरीच आहे, हे विसरता कामा नये. एका शेतकऱ्याचा माल हा दुसऱ्या शेतकऱ्याचा खर्च असतो. तथापि ज्या देशाची पेंड परदेशी जात असे त्याच देशाने पेंड आणावी, हा प्रसंग आपले उत्पादन किती अपुरे आणि अनिश्चित आहे ते दाखवून गेला.

पेंडीच्या निर्यातीसंबंधी

२०१०-११ च्या आसपास भारतातून वर्षाला ४० लाख टनांच्या आसपास सोयापेंड बाहेर जात होती. त्यानंतरच्या काही वर्षांत ती दहा लाख टनांच्याही खाली घसरली. पुढे कधी चढली, कधी उतरली. यामागे दोन कारणे आहेत. एक सुखाचे आहे : देशात अंडी व कोंबडीचे मांस यांचा खप वाढला आणि पेंड घरीच लागू लागली. दुसरे कारण असे की, ब्राझील व अर्जेंटिना यांची पेंड आपल्यापेक्षा स्वस्त पडते.

या स्पर्धेत भारतास एक अनुकूलता आहे. आपल्याकडे जनुकबदल केलेल्या सोयाबीनच्या लागवडीस परवानगी नाही. म्हणून युरोपातील व इतर काही ठिकाणचे जे ग्राहक असा माल टाळतात, ते भारतीय पेंडीस अधिक दर देण्यास तयार असतात. परंतु असा ग्राहक चोखंदळ असतो. त्यास माती, बुरशी किंवा औषधाचा अंश असलेला माल चालत नाही. महाराष्ट्रास याचा अनुभव द्राक्षात आलेला आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचा अंश सापडल्यामुळे युरोपात गेलेली द्राक्षे अडकून पडली. तेथील मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे एक टन द्राक्षांत ५० मिलिग्रॅम एवढी सूक्ष्म होती. वेलीवर फवारलेल्या एका औषधाने हजारो कुटुंबांचे हिशेब बिघडविले. सोयाबीनवर शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस जाऊ द्यावयाचे, ते औषधाच्या वेष्टनावर छापलेले असते. ते वाचून दाखविणे हे कार्यकर्त्याचे निर्यातवाढीचेच काम होय.

हेक्टरी उत्पन्नाचा प्रश्न

आपल्या देशात सोयाबीनचे सरासरी उत्पन्न हेक्टरी १० क्विंटलच्या आसपास आहे. ब्राझीलमध्ये ते ३० क्विंटलांच्या पुढे असते. ही तुलना करताना न्यायबुद्धी ठेवली पाहिजे. तेथील वाणांस वाढीला अधिक दिवस मिळतात. आपले पीक ९० ते १०५ दिवसांत, सर्वस्वी पावसाच्या भरवशावर उभे राहते आणि ऑगस्टमधील एक उघडीप त्याच्या शेंगा हलक्या करून जाते. तिप्पट उत्पन्नाचे स्वप्न दाखवून शेतकऱ्याची फसवणूक करू नये. हेक्टरी दोन क्विंटलांची वाढ मात्र पुष्कळ ठिकाणी आवाक्यात आहे.

या दोन क्विंटलांनी काय होईल? राज्याच्या ५० लाख हेक्टरांवर १० लाख टन अधिक सोयाबीन, म्हणजे १ लाख ८० हजार टन तेल. देशाच्या १६० लाख टन आयातीपुढे हे जेमतेम एक टक्का भरते. तेव्हा सोयाबीनच्या बळावर तेलाची आयात थांबेल असे कोणी सांगितल्यास ते खरे मानू नये. त्यासाठी मोहरी, भुईमूग, तीळ, करडई, सरकी आणि भाताचा कोंडा या सर्वांचे तेल जमेस धरावे लागेल. सोयाबीन काढल्यावर मध्यम ते भारी जमिनीत उरलेल्या ओलीवर करडई घेता येते. काट्यांमुळे मजूर मिळत नाहीत म्हणून ती मागे पडली. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाटेरी वाण दिल्यापासून ती अडचण पुष्कळ अंशी दूर झालेली आहे, पण ही माहिती अद्याप अनेक गावांत पोहोचलेली नाही.

देशाच्या हिशेबात दोन क्विंटल अल्प असले तरी शेतकऱ्याच्या हिशेबात ते अल्प नाहीत. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपयांच्या हमीभावाने ते हेक्टरी १०,६५६ रुपये होतात आणि खर्च त्या मानाने फारच थोडा वाढतो. आयातकर शेतकऱ्याच्या हाती नाही, पेंडीचा जागतिक दर नाही. प्रत्येक क्विंटलवर बसणारा उत्पादनखर्च मात्र बराचसा त्याच्या हाती आहे.

यात पहिले स्थान बियाण्याचे. सोयाबीन स्वपरागी पीक असल्यामुळे घरचे निवडक बियाणे दोनतीन वर्षे वापरता येते. परंतु या दाण्याचे साल अतिशय पातळ असते. पोते उंचावरून आपटले तरी अंकुर दुखावतो. मेअखेरीस शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत व आठवड्याने उगवलेले मोजावेत. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बी पुरे. साठच उगवले तर ३५ किलो लागेल. त्याहून कमी उगवल्यास ते बाजारात विकावे, पेरू नये. वाण निवडताना आपल्या भागातील रोग पाहावा. सांगली-कोल्हापूरकडे तांबेऱ्याचा जोर असतो. तेथे कसबे डिग्रज येथील केंद्राने काढलेले फुले संगम व फुले किमया हे वाण उपयोगी पडतात. मराठवाड्यात परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस मालिकेतील वाण रुळलेले आहेत. एकाच वाणावर सगळे शेत ठेवण्यापेक्षा कमी-अधिक दिवसांचे दोन वाण पेरणे शहाणपणाचे.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरणीची घाई करू नये. बियाण्यास जिवाणूसंवर्धक चोळावे, ते तीन ते पाच सेंटिमीटरहून खोल पडू देऊ नये. रुंद वरंबा व सरी पद्धतीने पेरल्यास जास्त पावसात पाणी निघून जाते व उघडिपीत सरीतील ओल कामास येते. तिचे यंत्र गावात एकास असले तरी सर्वांचे काम भागते.

माल बाजारात नेताना

पिकविलेल्या मालाचे मोल तोलकाट्यावर कमी होते ते मुख्यतः ओलाव्यामुळे. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट असते. परतीच्या पावसाने माल ओला राहिल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ती मर्यादा त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती. दरवर्षी अशी सूट मिळेल असे गृहीत धरून चालू नये.

ओलाव्यापोटी व्यापारी किती कपात करतो, हे तपासण्याची रीत सोपी आहे. १५ टक्के ओलावा असलेल्या १०० किलो मालात ८५ किलो कोरडा भाग असतो. तोच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविल्यास त्याचे वजन सुमारे ९६ किलो ६०० ग्रॅम भरेल. म्हणजे रास्त घट ३ किलो ४०० ग्रॅम. ओलावा १८ टक्के असेल तर ही घट ६ किलो ८०० ग्रॅमपर्यंत जाते. याहून अधिक कापले जात असेल तर त्याचे कारण विचारण्याचा शेतकऱ्यास अधिकार आहे. आणि ओलावामापकाचा आकडा आपल्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कपात मान्य करू नये. गावातील गटाने मिळून एक ओलावामापक घेतला तर पहिल्याच हंगामात त्याची किंमत वसूल होईल.

दिवाळीच्या खर्चासाठी सगळे सोयाबीन एकदम विकण्याची पाळी बहुतेकांवर येते, आणि त्याच वेळी आवक सर्वांत अधिक असते. ज्यांच्या बाजार समितीत पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना चालू आहे, त्यांनी माल गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल घ्यावी. व्याज ६ टक्के व मुदत १८० दिवसांची आहे. भाव वाढेलच असे नाही. म्हणून निम्मा माल विकावा, निम्मा ठेवावा आणि ठेवलेल्या मालाचा निर्णय घेताना तेलाबरोबर पेंडीच्या दराकडेही लक्ष द्यावे.

बियाण्यासाठी राखावयाचा माल या सर्वांतून आधीच वेगळा काढावा. त्याची मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आत ठेवून करावी, दाणे उन्हात पातळ पसरून वाळवावेत, पोती लाकडी फळ्यांवर भिंतीपासून दूर ठेवावीत आणि पाच पोत्यांहून उंच थप्पी लावू नये.